चारशेचा रोल सोळाशेवर

अगं, नाटकाच्या तालमीचे फोटो एचपी५ या चारशे आयएसओच्या फिल्मवर काढणार म्हणतेस, तेही फ्लॅशशिवाय. ऐकून फार बरं वाटलं बघ. रोल स्वतः धुणार असशील तर आधी माझं थोडं ऐक.

चारशेचा रोल सोळाशेवर लावलास, म्हणजे पुश केलास, की फिल्मला दोन स्टॉप कमी उजेड मिळतो, आणि तो कुठलाही डेव्हलपर मागाहून भरून देत नाही. जास्त वेळ धुतलं की चेहरा, पांढरा सदरा, म्हणजे जिथं उजेड पोचलाय तेवढंच वर येतं. विंगेतला काळोख काळाच राहतो. तेव्हा काय काळं गेलेलं चालेल, ते आधीच ठरव. केस गेले तर जाऊ देत, डोळे जाता कामा नयेत. मीटर अख्ख्या रंगमंचावर धरू नकोस. मागच्या काळ्या पडद्यानं तो फसतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. तालीम सुरू व्हायच्या आधी मंचावर जा, दिव्याखाली उभ्या नटाच्या गालाजवळ रीडिंग घे आणि तेच धरून चाल.

डेव्हलपर कोणता म्हणशील, तर मायक्रोफेन. आयडी-११ किंवा कोडॅकचा डी-७६ वाईट नाहीत. डी-७६ तर १९२७ पासून चालत आलाय. पण त्यांच्यात मेटॉल असतं, मायक्रोफेनमध्ये फेनिडोन. त्यानं सावल्यांमध्ये जरा जास्त हाती लागतं. सोळाशेला, २० अंशांवर, पाणी न मिसळता वापरलास तर आयडी-११ ला १४ मिनिटं लागतात, मायक्रोफेनला ११. बत्तीसशेवर मायक्रोफेनलाही १६ लागतात, आणि तिथं कॉन्ट्रास्ट इतका चढतो की मी तुला नकोच म्हणेन. रॉडिनल मलाही आवडतं, पण मंद फिल्मला. पुश करताना ते सावल्या खातं आणि ग्रेन जाडाभरडा देतं.

खरी काळजी पाण्याची घे. एप्रिलमध्ये आपल्या नळाला २८-३० अंशांचं पाणी येतं, आणि एकेका अंशानं वेळ साधारण दहा टक्क्यांनी बदलतो. डेव्हलपरची बाटली आणि टँक दोन्ही पाण्याच्या घमेल्यात ठेव, बर्फ पिशवीत बांधून त्यात सोड, आणि थर्मामीटर बाटलीतच बुडवून बघ, घमेल्यात नव्हे. दर मिनिटाला पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटा-सुलटा कर. जास्त नाही गं! उत्साहानं हलवत राहिलीस की हायलाइट्स जळतात.

आणि मुख्य रोल एकदम टँकमध्ये घालू नकोस. तालमीत एक रोल जादा काढ, अंधारात त्याचा हातभर तुकडा काप आणि तेवढाच आधी धू. वाळला की खिडकीशी धर. पांढरा सदरा निगेटिव्हमध्ये काळा दिसेल. त्या काळ्यात घड्या ओळखू येत असतील तर ११ मिनिटंच ठेव, नुसताच ठिक्कर काळा असेल तर उरलेल्याला एक मिनिट कमी दे.