हुन्नर आणि दाखला

पूर्वी सुताराचा मुलगा सुतार होई आणि लोहाराचा लोहार. मूल बापाजवळ बसे, भाता ओढी आणि बघता बघता शिके. आता ती रीत राहिली नाही. आज कोणाही घरच्या मुलाला वा मुलीला कोणताही धंदा शिकता येतो. पण शिकावे कोठे? आणि शिकल्याचा पुरावा काय? या धड्यात आपण याच दोन प्रश्नांचा विचार करू.

मिस्त्रीच्या हाताखाली

पुष्कळ मुले एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लागतात. त्यात वाईट काही नाही. काम डोळ्यांसमोर होते, हातात बसते आणि चार पैसेही मिळतात. पण मिस्त्री सगळे तोंडी सांगतो. अमुक कर म्हणतो, का कर ते पुष्कळदा सांगत नाही. आणि दाखला तर तो देतच नाही.

दहा वर्षांनी हाच गडी परगावी काम मागायला जातो. तिथे त्याला विचारतात, "तुला काम येतं कशावरून?" हात सांगतात, पण कागद नसतो. मग कारागिराचे काम मदतनिसाच्या मजुरीवर करावे लागते. हे नुकसान एका दिवसाचे नाही, जन्माचे आहे.

आय.टी.आय.

दुसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. लोक तिला आय.टी.आय. म्हणतात. सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू केली. या संस्थांत जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन असे धंदे शिकवतात. वेल्डरचा अभ्यास एक वर्षाचा असतो. फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांचा दोन वर्षांचा. काही धंद्यांना दहावी पास लागते, काहींना त्याहून कमी शिक्षण चालते. मुलींसाठीही जागा राखलेल्या असतात. फॉर्म भरण्याआधी संस्थेत जाऊन नीट विचारावे.

आरंभीचे काम कंटाळवाणे वाटते. फिटरचा विद्यार्थी पुष्कळ दिवस लोखंडाचा तुकडा कानशीने घासतो. गुण्या लावून पाहतो आणि पुन्हा घासतो. पण यातूनच हात तयार होतो. पुढे तो व्हर्निअरने मिलीमीटरचा पन्नासावा भाग मोजायला शिकतो. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ते असे.

मापाचे वाचनही येथेच येते. मिस्त्री म्हणतो, "तीन सूत कमी कर." नकाशावर मात्र मिलीमीटर लिहिलेले असतात. इंचाचे आठ सूत, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर. म्हणजे तीन सूत सुमारे साडेनऊ मिलीमीटर झाले. ज्याला दोन्ही मापे कळतात त्याचा माल वाया जात नाही.

पगारी उमेदवारी

पुष्कळ बापलोक आम्हांला विचारतात, "मास्तर, पोरगं आत्ताच मजुरी आणतंय. दोन वर्षं शाळेत घालून घर कसं चालवू?" त्यांची अडचण खरी आहे. म्हणून तिसरी वाट सांगतो. ती शिकाऊ उमेदवारीची.

उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. या वाटेने मुलगा कारखान्यातच शिकतो आणि त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. आय.टी.आय. झालेल्यांना ही वाट आहेच. ते न करताही काही धंद्यांत थेट उमेदवारी मिळते. मुदत संपल्यावर परीक्षा होते, आणि पास झाल्यावर देशभर चालणारा दाखला हाती येतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात धरा. उमेदवार हा शिकणारा असतो, कायम कामगार नव्हे. उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच असे नाही. तेव्हा त्या भरवशावर कर्ज काढू नका.

आधी वाचा, मग सही करा

उमेदवारी धरताना करार होतो. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर पालकाला सही करावी लागते. तुम्हांला आता अक्षर येते. म्हणून कोणी घाई केली, तरी पुढील पाच गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका :

१. धंद्याचे नाव लिहिले आहे काय? नुसते 'मदतनीस' नको.
२. मुदत किती? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?
३. विद्यावेतन दरमहा किती?
४. कामाचे तास किती? परवानगीवाचून उमेदवाराकडून जादा काम घेता येत नाही.
५. कराराची सरकारात नोंद होणार आहे काय?

काम करताना इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे, असे कायदा सांगतो. पण ज्याची नोंद नाही, त्याला हा हक्क मागताना फार जड जाते. कराराची एक प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा.

तुमच्यापैकी कित्येकांना काम येते, फक्त दाखला नाही. त्यांनी निराश होऊ नये. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. जवळच्या आय.टी.आय.त जाऊन चौकशी करा. वय झाले म्हणून लाजू नका. तुम्ही या वयात अक्षर शिकलात, मग परीक्षेची भीती कसली?

सांगा आणि लिहा

१. मिस्त्रीच्या हाताखाली काय मिळते आणि काय मिळत नाही?
२. पाच सूत म्हणजे सुमारे किती मिलीमीटर?
३. करारात कोणत्या पाच गोष्टी पाहाल? पुस्तक मिटून सांगा.
४. जवळच्या आय.टी.आय.च्या प्राचार्यांना प्रवेशाची माहिती मागणारे पत्र लिहा. खाली पूर्ण नावाने सही करा.