अर्नहेमचा पूल : एका तरुण छत्रीधारी अधिकाऱ्याचे चरित्र

(वरच्या इयत्तांकरिता पूरक पाठ : शिक्षकांसाठी टिपण)



वीरचरित्र शिकविताना दोन चुका संभवतात. केवळ जयघोष केला, तर मुलांना युद्ध हा खेळ वाटू लागतो. केवळ संहाराचे वर्णन केले, तर कर्तव्यनिष्ठेचे मोल त्यांस उमगत नाही. या दोहोंमधून वाट काढता यावी, म्हणून प्रस्तुत पाठ योजिला आहे.

पूर्वतयारी : फळ्यावर हॉलंडचा नकाशा काढावा. ऱ्हाईन नदी, तिच्या काठचे अर्नहेम शहर व दक्षिणेकडून येणारा रस्ता एवढेच त्यात दाखवावे.

विषयविवेचन : जॉन ग्रेबर्न याचा जन्म 30 जानेवारी 1918 रोजी कराचीजवळील मनोरा येथे झाला. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात मोडत असे, हे मुलांस अवश्य सांगावे. त्याचे बालपण व शिक्षण मात्र इंग्लंडात झाले. पुढे तो लंडनमध्ये बँकेत नोकरीस लागला. दुसरे महायुद्ध पेटल्यावर तो सैन्यात गेला व 1943 साली छत्रीधारी दलात दाखल झाला. घरी पत्नी व लहान मुलगा होता.

सप्टेंबर 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांनी एक धाडसी बेत आखला. विमानांतून सैनिक उतरवून हॉलंडमधील नद्यांवरील पूल ताब्यात घ्यावयाचे आणि दक्षिणेकडून येणाऱ्या सैन्याने त्यांवरून जर्मनीकडे कूच करावयाचे. अर्नहेमचा पूल सर्वांत उत्तरेचा. परंतु सैनिक पुलापासून दहाबारा किलोमीटर दूर उतरविले गेले आणि शहराच्या परिसरात जर्मनांची चिलखती दळे होती. परिणामी लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांच्या हाताखालील सुमारे 740 सैनिकच पुलाच्या उत्तर टोकाशी पोहोचू शकले.

17 सप्टेंबरच्या रात्री दक्षिण टोक जिंकण्याची आज्ञा ग्रेबर्नच्या तुकडीस झाली. पुलावर आडोसा नव्हता. समोरून तोफा व यंत्रबंदुकांचा मारा सुरू होताच त्याच्या खांद्यास गोळी लागली. तरीही तो पुढे जात राहिला. माघारीची आज्ञा आली, तेव्हा सर्व सहकाऱ्यांना पुढे घालून तो स्वतः सर्वांच्या शेवटी परतला. नंतर पुलालगतचे एक घर त्याने 19 तारखेस ते पेट घेईपर्यंत लढविले. 20 तारखेस शत्रू पुलाखाली सुरुंग पेरू लागला. ग्रेबर्नने हल्ला चढवून त्याला मागे रेटले. तेवढ्या अवधीत सुरुंगांच्या वाती काढून टाकता आल्या. या वेळी त्याच्या पाठीस जखम झाली, परंतु त्याने रणांगण सोडण्यास नकार दिला. अखेर रणगाडा अगदी समीप आला. तेव्हा तो त्याच्या नजरेसमोर उभा राहून आपल्या माणसांना सुरक्षित मागे नेऊ लागला. त्याच रात्री तो मारला गेला. वय अवघे सव्वीस. 1945 साली त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

परिणाम : दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरचा प्रतिकार संपला. दक्षिणेकडील सैन्य वेळेवर पोहोचले नाही, बेत फसला. दोस्तांच्या साहाय्यासाठी डच रेल्वेकामगारांनी संप केला होता. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखली. पुढील हिवाळ्यात हॉलंडमध्ये सुमारे वीस हजार माणसे उपासमारीने दगावली. अर्नहेमची मुक्तता एप्रिल 1945 मध्ये झाली. हा भाग गाळू नये. वीराचे शौर्य खरे आणि बेताचे अपयशही खरे, हे मुलांस एकाच वेळी कळले पाहिजे.

विचारावयाचे प्रश्न :
1. सर्वांच्या शेवटी मागे फिरणे हे नायकाचे लक्षण का मानावे?
2. बेत फसला, म्हणून ग्रेबर्नचे कार्य व्यर्थ गेले काय? दोन्ही बाजू मांडा.
3. युद्धाची झळ सैनिकांखेरीज आणखी कोणास लागली?

सूचना : आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांतून माणसे सैन्यात गेलेली आहेत. वर्गात एखाद्या जवानाचे मूल बसलेले असू शकते. क्वचित त्याचे वडील परत आलेले नसतील. म्हणून मृत्यूचे वर्णन थोडक्यात व संयमाने करावे. टाळ्यांचा आग्रह धरू नये. पाठ संपल्यावर क्षणभर वर्ग शांत राहिला, तर ती शांतता मोडू नये. पाठाचा हेतू त्यातच साधलेला असतो.