थांबाल तेवढे महिने बुडाले

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ हे वाक्य नवरा घर सोडून गेल्यावर मला बहुतेक नातेवाइकांनी ऐकवलं. कोणी म्हणे, येईल ताळ्यावर. कोणी म्हणे, पार्ल्यात सगळे ओळखीचे, उगाच बोभाटा कशाला? घरभाडं आणि मुलाची फी मात्र बोभाट्याला भिऊन थांबत नव्हती.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात अर्ज करायचं ठरलं, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, “ताई, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. मागचे महिने गेले.” सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात हे पक्कं केलं. ते प्रकरणही आपल्याकडचंच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं.

त्याच निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आमची खरी लढत तिथेच झाली. नवरा म्हणे, नोकरी सुटली, कमाई शून्य. पण त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दर पाच तारखेला गाडीचा हप्ता बिनबोभाट कापला जात होता. “मग हप्ता भरतं कोण?” वकीलबाईंनी एवढंच विचारलं. धडधाकट माणसाला नोकरी नसल्याचं सांगून हात झटकता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा बजावलंय. माझ्या शिकवण्यांचे पैसेही मी लिहिले. बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारत नाहीत. लपवलेली कमाई उघडी पडली, तर मात्र आपलाच शब्द हलका होतो.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांनी एवढं करावं. फीच्या पावत्या, भाडेकरार, औषधांची बिलं एका फाइलीत लावावीत. नवऱ्याच्या पगाराची, कर्जाची जी कागदपत्रं घरात असतील, त्यांच्या प्रती काढाव्यात. पैसे रोख घेऊ नयेत, खात्यातच घ्यावेत. नाहीतर पाच दिले की दहा, यावरून वाद होतो. १ जुलै २०२४ पासून पोटगीच्या जुन्या कलम १२५च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. ते सर्व धर्मांच्या बायकांना आणि मुलांना लागू आहे. अर्जासोबतच अंतरिम पोटगी मागावी. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आदेश मिळूनही पैसे थकले, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा. थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि तो भोगला तरी बाकी फिटत नाही.

समेटाची बोलणी अर्ज केल्यावरही करता येतात. तेव्हा बोलणी चालू द्या, पण आधी अर्ज दाखल करा.