म्हाइंभटांचा लेखननेम

रामदासपेठेतील आमच्या अभ्यासवर्गात सूत्रपाठाचे विचारप्रकरण चालू असता एका तरुण उपदेशी बंधूने विचारलेला प्रश्न या पाठास निमित्त झाला आहे. तो म्हणाला, "सूत्रावर काही लिहावे असे फार दिवस वाटते. वहीही आणून ठेवली आहे. परंतु चित्त शुद्ध व एकाग्र झाल्यावाचून शास्त्राविषयी लेखणी उचलणे योग्य नव्हे, असे मनात येते, आणि दिवस तसाच जातो. यावर उपाय काय?" वर्गातील चार वडीलधाऱ्या मंडळींनी मान डोलावली. त्यांच्याही घरी तशीच एक कोरी वही असावी, असे मला वाटले.

प्रश्न विनयाने विचारलेला आहे, म्हणून त्याची अवहेलना करणे बरे नव्हे. तथापि त्यात पूज्यभावाच्या आड आळस लपलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. आपल्या मार्गात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. मराठीतील पहिला चरित्रग्रंथ ज्यांनी सिद्ध केला त्या पंडित म्हाइंभटांचा लेखनव्यवहार पाहिला की पुरे.

म्हाइंभट हे सराळ्याचे, शास्त्रार्थात निष्णात व त्या विद्वत्तेचा अभिमान वाहणारे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात तो अभिमान गळाला. स्वामी उत्तरापंथे गमन करिते झाल्यावर श्रीनागदेवाचार्य भटोबास व इतर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे भटोबास एकांती बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. आपण काय करता, असे म्हाइंभटांनी पुसले. लीळा आठवतो, असे उत्तर मिळाले. तेव्हा म्हाइंभटांनी विनविले की त्या मज सांगाव्या, मी लिहून घेईन. हा काळ अभ्यासक सामान्यतः इ.स. 1278 च्या सुमाराचा मानतात. ऋद्धिपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजचे रिद्धपूर; मराठी भाषा विद्यापीठ आता तेथेच सुरू झाले आहे. तेथील वाजेश्वरीच्या स्थानी हे लेखन झाले, अशी परंपरा आहे.

येथे थोडे थांबून पाहावे. एवढा शास्त्री पुरुष. पण त्याने पहिल्या दिवशी स्वतःचे काही लिहिले नाही. त्याने ऐकले व लिहिले. भटोबासांनी जे प्रत्यक्ष देखिले नव्हते, त्यासाठी म्हाइंभट स्वतः ज्या त्या व्यक्तीकडे गेले. लीळा जिच्या समक्ष घडली तिच्या मुखातून ती घ्यावी, मग ती म्हातारी असो की निरक्षर असो, हा त्यांचा दंडक होता. नंतर तो मजकूर भटोबासांपुढे ठेवून शुद्ध करून घ्यावा. स्मरण, श्रवण, लेखन व शोधन हा त्यांचा क्रम. या क्रमात चित्त प्रसन्न होण्याची वाट पाहणे कोठेच येत नाही, कारण स्मरणातच ती प्रसन्नता येऊन जाते. आमच्या तरुण बंधूची अडचण ही की तो पहिली पायरी गाळून तिसरीवर पाय ठेवू पाहतो. कोऱ्या कागदापुढे बसल्यावर त्याला विषय सुचत नाही, आणि तो चित्ताला दोष देतो.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या बांधणीची. लीळाचरित्र एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा तीन भागांत आहे, परंतु आतून पाहिले तर तो लहान लहान लीळांचा समूह आहे. कित्येक लीळा चार-सहा वाक्यांत पुऱ्या होतात. स्थळ, उपस्थित भक्त, घडलेली गोष्ट आणि स्वामींचे वचन. तेवढे झाले की लीळा संपली. एवढा मोठा ग्रंथ एका बैठकीत कोणी लिहीत नाही, परंतु एक लीळा एका बैठकीत लिहिता येते. आपल्यापैकी जे 'आचारप्रकरणावर समग्र भाष्य' लिहिण्याचा संकल्प सोडतात, त्यांचे भाष्य प्रस्तावनेतच राहते, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी रोज एक सूत्र घ्यावे. पहाटे नामस्मरण झाल्यावर, वर्तमानपत्र हाती येण्यापूर्वी, अर्धी घटका पुरे. ते सूत्र कोणत्या लीळेत, कोणास उद्देशून निरूपिले गेले, एवढेच प्रथम लिहावे. प्रकरणवश सांगण्याची आपली जुनी पद्धती हीच शिकविते: प्रसंग सोडून सूत्राचा अर्थ करू नये. त्यानंतर दृष्टांत असल्यास तो लिहावा. केशिराजबासांनी दृष्टांतपाठात 114 दृष्टांत लावताना सूत्र, दृष्टांत व दार्ष्टान्तिक अशी जी मांडणी केली, ती आजही लेखकास उत्तम साचा आहे. आपले मत शेवटी, आणि थोडे. कित्येक दिवस ते मुळीच नसले तरी बिघडत नाही.

केशिराजबासांचेच आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ते संस्कृताचे पंडित. निरूपण संस्कृतात करावे, अशी त्यांची प्रवृत्ती होती. भटोबासांनी निषेध केला, तो पांडित्याचा नव्हे. संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील म्हणून. आमच्या नियतकालिकांतील काही लेख वाचताना मला ही गोष्ट आठवते. प्रस्तुत लेखकही त्या दोषातून सुटलेला नाही, हे मान्य करतो. लिहून झाल्यावर तो मजकूर घरातील वृद्धेस मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे तिचे लक्ष सुटेल तेथे वाक्य पुन्हा करावे.

लिहिलेले पुसावे लागते याची लाज बाळगू नये. विद्यापीठाचे ग्रंथालय याच रामदासपेठेत आहे व तेथे हस्तलिखितांचा संग्रहही आहे. जुनी पोथी पाहण्याचा योग आला तर अक्षरांच्या सौंदर्यापेक्षा चुकांकडे पाहावे. चुकलेल्या अक्षरावर लेखक पिवळी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग तेथूनच आला. सुटलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात भरीत. हरताळीची वाटी बोरूइतकीच जवळ असे. ज्याने चूक होणार हे गृहीत धरले, तोच रोज लिहू शकला.

आता जे सांगावयाचे ते थोडे कठीण आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी पुढे खिलजीच्या धाडीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यांत हिराइसांचे नाव विशेष आदराने घेतले जाते. निरनिराळ्या भक्तांच्या आठवणीत जेथे भेद पडला, तेथे नंतरच्या मंडळींनी एकाचे खरे व दुसऱ्याचे खोटे असा निवाडा न करता 'ही अमुकाची वासना' म्हणून दोन्ही नोंदून ठेविले. हा प्रामाणिकपणा विलक्षण आहे. कोणाचे वाक्य कोणाचे, हे त्यांनी पुसू दिले नाही.

मजकडून नेमके हेच घडले नाही. एका वृद्ध तपस्विनींनी, त्यांच्या गुरूंनी असतिपरीचे निरूपण कसे केले होते, ते मजला दोन दुपारी बसून सांगितले. त्यांच्या गुरूंचे ते निरूपण कोठेही लिहिलेले नव्हते. चातुर्मासात स्वस्थपणे लिहू, असे मी ठरविले, कारण अशा थोर विषयास उसंत हवी, असे मला वाटले. चातुर्मासापूर्वीच त्यांचा देहान्त झाला. आज माझ्या स्मरणात तीन वाक्ये आहेत. त्यांतील कोणते त्यांच्या गुरूंचे, कोणते त्यांचे व कोणते माझ्या मनाने मागाहून जुळविलेले, हे मला सांगता येत नाही. म्हणून ती मी कोठेही छापलेली नाहीत. त्या रात्रीच दिव्यापाशी बसून वेडेवाकडे अर्धे पान जरी लिहिले असते, तरी एक वासना राहिली असती. आपल्या मठांतून व आश्रमांतून अशी किती निरूपणे केवळ कंठात आहेत, याचा ज्याने त्याने विचार करावा. लेखननेमाचा प्रश्न मला म्हणूनच सोयीचा प्रश्न वाटत नाही.

नावाविषयी एक शब्द. नरेंद्र कवीचे रुक्मिणीस्वयंवर रामदेवराव यादवाने स्वतःच्या नावे मागितले असता कवीने ते नाकारले, ही कथा प्रसिद्ध आहे. ती सांगून कोणी म्हणतात, लेखकाने आपल्या नावाचा आग्रह धरावा. मला तो अर्थ पटत नाही. परमेश्वराच्या लीळेचे काव्य राजाच्या कीर्तीस जोडू नये, एवढाच तो आग्रह होता. ज्यास रोज लिहावयाचे आहे त्याने वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव लिहिण्याऐवजी, ज्यांच्याकडून ऐकणार त्यांची नावे लिहावी.

त्या तरुण बंधूस वर्गात एवढेच सांगितले, व वाचकांसही तोच अभ्यास देतो. पुढील अंक येईपर्यंत आपल्या परिचयातील एका वृद्ध साधकाकडे जावे. त्यांना आवडणारे एक सूत्र विचारावे व ते त्यांनी कोणाकडून, कोठे ऐकले ते पुसावे. त्याच दिवशी, निजण्यापूर्वी, त्यांच्या शब्दांत ते लिहून काढावे. दिनांक, स्थळ व नाव घालावे. दुसऱ्या भेटीत ते त्यांना वाचून दाखवावे व ते सांगतील तेथे दुरुस्ती करावी. हरताळ मिळणार नाही. साधी रेघ मारली तरी चालेल. दण्डवत प्रणाम.