शाळेतली रशियन चालू ठेवावी का?

प्रश्न : आम्ही सिल्वासाचे. मुलगी आठवीत, पुण्याला मामाकडे राहून शिकते. तिथे विद्यार्थी कमी म्हणून रशियन बंद करायची चर्चा आहे. आम्ही आग्रह धरावा का?

उत्तर : जरूर धरा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये रशियनचं नाव आहे, त्यामुळे शाळेची अडचण धोरणाची नाही. अडचण शिक्षकाची असते. शिक्षक हाताशी असताना वर्ग मोडू नये. एकदा गेलेला रशियनचा शिक्षक परत मिळवणं फार कठीण.

सिल्वासाच्या मुलांच्या कानावर मराठी, गुजराती, हिंदी, वारली रोजच पडतात. नवी भाषा त्यांना जड जात नाही. त्यात मराठी मुलांना रशियन व्याकरण ओळखीचं वाटतं : तिन्ही लिंगं आहेत, नामांना विभक्ती लागतात. ३३ अक्षरांची लिपी थोड्या आठवड्यांत बसते. क्रियापदं मात्र खरी दमवतात.

उपयोगाचं म्हणाल, तर रशियात वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून घेतलं तरी रुग्ण रशियनच बोलतो. पण एवढ्यासाठीच भाषा शिकावी असं मला वाटत नाही. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. ती ओढ आजच्या मुलांनाही लागू दे.

वर्ग बंद झालाच, तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या रशियन अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी विचारून घ्या. तोवर इतर पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, आणि निदान सध्याच्या तुकडीला दहावीपर्यंत रशियन मिळेल, असं लेखी मागा.