प्रस्ताव लिहिण्याआधी काय वाचावे?



बचत गटांच्या ताई, वसतिगृहे सांभाळणारे पाळक आणि आपले तरुण कार्यकर्ते यांच्याकडून अलीकडे एकच विचारणा येते : "प्रस्ताव लिहायला शिकवणारे एखादे पुस्तक सांगा." इंग्रजीत अशी पुस्तके ढिगाने आहेत. त्यांतली बहुतेक कंपन्यांनी कंत्राट मिळवण्यासाठी निविदा कशी भरावी हे शिकवतात. त्यांतली एकच गोष्ट मी आपल्यासाठी उचलतो : देणाऱ्याने काय विचारले आहे ते आधी पूर्ण वाचा आणि त्याच क्रमाने उत्तर द्या. बाकी आपल्या कामाचे वाचन वेगळे आहे, आणि त्यातले बरेचसे मराठीत, विनामूल्य मिळते.

वाचन कशाला, असे कोणी म्हणेल. केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडाचा पाण्याचा प्रस्ताव माझ्याकडे तपासायला आला होता. तालुक्याच्या ठिकाणी पैसे देऊन टाइप करून घेतलेला, सतरा पानांचा. तिसऱ्या पानावर "सातपुड्याच्या दुर्गम भागातील भिल्ल बांधव" भेटले! कोणीतरी दुसऱ्या जिल्ह्याचा कागद उचलून फक्त गावाचे नाव बदलले होते. असा कागद कार्यालयातून परत येतो. तो परत येऊन दुरुस्त होईपर्यंत ३१ मार्च उलटतो, त्या वर्षीचा निधी संपतो, आणि पोडातल्या बायांना आणखी एक उन्हाळा दुसऱ्याच्या शेतातल्या विहिरीवर हंडे घेऊन उभे राहावे लागते.

म्हणून पहिले वाचन शासन निर्णयाचे, म्हणजे आपण ज्याला जी.आर. म्हणतो त्याचे. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार सगळे मिळतात. बरेच जण शेवटचे पान उघडून फक्त अर्जाचा नमुना घेतात. तसे करू नका. अनेक निर्णयांत सुरुवातीलाच "वाचा" असा शब्द असतो आणि त्याखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. शासन स्वतःच तुम्हाला वाचनाची यादी देते, ती सोडून कशी चालेल? त्यानंतरच्या प्रस्तावनेत योजना कशासाठी आणली ते लिहिलेले असते. तुमची गरज त्या कारणाशी जुळते का, हे तिथेच कळते.

उदाहरणार्थ, १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेले पीएम-जनमन अभियान. ते विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांसाठी आहे. महाराष्ट्रात असे तीनच गट : कातकरी, माडिया गोंड आणि आपले कोलाम. म्हणजे एकाच गावातल्या गोंड, परधान किंवा आंध कुटुंबांसाठी या अभियानाखाली मागणी केली तर ती बसणार नाही. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता शोधावा लागेल. शिवाय या अभियानात नऊ मंत्रालयांची अकरा प्रकारची कामे आहेत. घर, रस्ता, अंगणवाडी, फिरता दवाखाना सगळे एकाच अर्जात मागितले, तर तो कागद कोणत्याच टेबलाचा राहत नाही. वनधन केंद्राचेही तसेच. साधारण ३०० सभासद आणि १५ लाख रुपयांपर्यंत मदत, असे त्याचे माप आहे. वीस बायांच्या एका गटाने मोहफुलासाठी ते मागण्यात अर्थ नाही. पंधरा गट एकत्र आणायचे काम आधी, लेखन नंतर.

दुसरे वाचन वनहक्क कायद्याचे. २००६ चा कायदा, २००८ चे नियम आणि २०१२ ची दुरुस्ती. दावा हाही एक प्रस्तावच आहे, फक्त यात आपण मदत मागत नाही, हक्क मागतो. नियम १३ सावकाश वाचा. पुरावा म्हणून काय काय चालते त्याची यादी तिथे आहे, आणि त्यात दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही आहे. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात. हा नियम माहीत नसल्यामुळे "कागद नाहीत" म्हणून घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

याच्या जोडीला मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावची' जरूर वाचा. मी एकच पुस्तक सुचवायचे म्हटले तर हेच सुचवीन. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गावच विकणारे झाले आणि व्यापारी बोली लावणारे झाले. हे गाव अनेक वर्षे अभ्यास गट चालवून, बाहेरच्या जाणकारांना बोलावून, एकेक विषय समजून घेत तिथवर आले. आपल्याकडच्या ज्या ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू पाहतात, त्यांना निविदा लिहिण्यापेक्षा वाचता येणे जास्त गरजेचे आहे. भाव कोणत्या मापाला आहे, अनामत किती, पैसे किती हप्त्यांत, आणि पावसाने पत्ता भिजला तर नुकसान कोणाचे? शेवटचा प्रश्न बहुधा कागदावर नसतोच. तो विचारून लिहून घ्यावा.

आकड्यांसाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहा. यवतमाळ जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या २७,७२,३४८. गावनिहाय घरे, अनुसूचित जमातींची संख्या, पाण्याची सोय असे सगळे त्यात सापडते. पण एक सावधगिरी हवी. पोड हे अनेकदा वेगळे महसुली गाव नसते. त्याची माणसे मूळ गावाच्या आकड्यात मिसळलेली असतात, आणि मूळ गावात नळ असला की कागदावर पोडालाही पाणी मिळालेले असते. इथे छापील आकडा देऊन थांबू नका. पोडाची घरे स्वतः मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांतला फरक हाच तुमचा मुख्य मुद्दा असतो.

पाहायचे कसे, हे शिकवणारे पुस्तक म्हणजे रॉबर्ट चेंबर्स यांचे १९८३ चे 'रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट'. इंग्रजीत आहे, पण सोपे आहे. बाहेरचा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचे गाव पाहतो, पावसाळा संपल्यावर येतो, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलून परत जातो, असे ते दाखवतात. आपणही त्यात आलोच. ऐन पावसाळ्यात, जेव्हा घरातले धान्य संपलेले असते आणि तापाची साथ असते, तेव्हा किती पाहणी अहवाल लिहिले जातात? पी. साईनाथ यांच्या 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट'चा मराठी अनुवादही मिळतो. ओडिशात जर्सी संकराच्या नादात स्थानिक जातीचे वळू खच्ची केले गेले आणि लोकांच्या हाती ना दूध राहिले ना बैल, ही हकिकत त्यात आहे. शेळ्या-गाई वाटपाचा प्रस्ताव लिहिणाऱ्याने ती आधी वाचावी.

कायद्याचे थोडके. विदेशी मदतीचा कायदा २०१० चा, पण २०२० ची दुरुस्ती वाचल्याशिवाय परदेशी मित्रमंडळींना पत्रही लिहू नका. एका संस्थेने घेतलेली मदत दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली आहे. कंपन्यांकडे जायचे असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ आणि सातवी अनुसूची पाहा. वणीकडे कोळसा आणि सिमेंट आहे, तेव्हा हे वाचन दूरचे नाही.

प्रशासकीय खर्च लिहिताना आपली माणसे संकोचतात, म्हणून पवित्र शास्त्रातला एक अध्याय सुचवतो : नहेम्या, दुसरा अध्याय. राजाने विचारले, काय हवे, किती दिवस लागतील, परत केव्हा येशील. नहेम्याने मुदत सांगितली. नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रे मागितली. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्याकडून लाकूड मागितले, आणि ते कशाला लागेल हेही सांगितले : वेशींना, कोटाला आणि तो स्वतः राहणार होता त्या घराला. स्वतःचे घर त्याने लपवले नाही, दुसऱ्या खर्चात घुसवलेही नाही. कार्यकर्त्याचे मानधन आणि एस.टी.चे भाडे अंदाजपत्रकात असेच उघड लिहावे. पुढे तो रात्री मोजकी माणसे घेऊन पडलेला तट स्वतः पाहून आला आणि मगच लोकांशी बोलला, तेही त्याच अध्यायात आहे.

भाषेसाठी यास्मिन शेख यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' टेबलावर असू द्या. "सर्वांगीण सक्षमीकरण" यासारखे शब्द शक्यतो टाळा. किती बाया, किती हंडे, किती अंतर, हे लिहा.

लिहून झाले की प्रस्ताव पोडाच्या चावडीत, नाईकांसमोर आणि बायांसमोर मोठ्याने वाचायचा. कोलामी येणारी एखादी मुलगी शेजारी बसवायची आणि परिच्छेदागणिक तिला सांगायला लावायचे. वर सांगितलेला पाण्याचा प्रस्ताव नव्याने लिहिल्यावर तसाच वाचला. यादीनुसार कुटुंबे ४१ होती. एका आजीने मध्येच थांबवले आणि बोटांवर मोजू लागली. कापूस वेचायला तेलंगणात गेलेली दोन घरे कोणी धरलीच नव्हती. आम्ही ४३ लिहिले, ग्रामसभेच्या ठरावातही तोच आकडा घेतला, आणि मग सह्या व अंगठे घेतले.