ओव्याचा वास आणि पिल्लांचं पोट

अगं नंदा, दुकानदारानं ओरेगॅनो तेलाची बाटली तुझ्या गळ्यात मारली ना? ‘एवढं घातलं की डुकराच्या पिल्लांना हगवण लागणारच नाही’ असंही म्हणाला असेल. सील फोडू नकोस अजून.

या तेलांशी माझं वैर नाही हं. ओरेगॅनोतलं कार्वाक्रॉल, ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल यांनी जंतूंच्या पेशीचं आवरण फाटतं, हे प्रयोगशाळेत कितीदा तरी दिसलंय. युरोपात २००६पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी आली, २०२२मध्ये हगवणीसाठी भरपूर झिंक ऑक्साइड घालणंही थांबलं, तेव्हापासून तिथले वराहपालक या तेलांकडे जास्तच वळले. आपल्याकडेही २०१९मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक बंद झालं. त्यामुळे ‘औषधाशिवाय काय?’ हा तुझा प्रश्न रास्तच आहे.

पण बाई, तिथे पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की आईपासून तोडतात. त्या वयात पोटात आम्ल कमी, धान्य पचवायची सवय नाही, आणि आईच्या दुधातून मिळणारं संरक्षणही एकदम बंद. मग ई. कोलाय जंतूंचं फावतं. आपण सहा ते आठ आठवडे आईजवळ ठेवतो. तेवढ्यात पोट बरंच सावरतं. म्हणून तिथल्या चाचण्यांत जेवढा फायदा दिसला तेवढाच तुझ्या गोठ्यात दिसेल असं धरून चालू नकोस. आणि हॉटेलचं खरकटं उकळून घालणार असशील तर हा विषयच सोड. रोज वेगळं येणाऱ्या त्या बादलीत मोजून काय घालणार?

आता बाटलीचं. कच्चं तेल खाद्यावर ओतलं की त्यातलं बरंचसं जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. जंतूंचा धुडगूस असतो त्याच्या पुढे, तिथवर फारसं काही पोचत नाही. म्हणून चरबीचं वेष्टण असलेली दाणेदार पूड मिळते, ती घे. वेष्टण आतड्यात विरघळतं आणि तेल तिथे सुटतं. पिल्लाचं नाकही आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. मिसळलेलं खाद्य मूठभर घेऊन आधी स्वतः हुंग. तुझ्याच नाकात झणझणलं तर पिल्लू गव्हाणीत तोंड घालेल, फुरफुरेल आणि मागे फिरून कडेचं लाकूड चावत बसेल. दूध तुटल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते नीट खाल्लं नाही, तर नुसत्या उपाशीपणानंच आतड्याचं अस्तर झिजतं. म्हणजे हगवण थांबवायला आणलेलं तेलच तिचं निमित्त व्हायचं!

पुडीवर टनाला २०० ग्रॅम लिहिलं असेल, तर ५० किलोला १० ग्रॅमच. स्वयंपाकाच्या अंदाजानं नको, काट्यावर मोज. आधी किलोभर मक्याच्या भरड्यात कालव, मग तो भरडा सगळ्यात मिसळ, नाहीतर एका पिल्लाच्या वाट्याला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही. डबा घट्ट झाकून सावलीत ठेव. ही तेलं उडून जातात, उन्हात तर लवकरच.

खरं सांगू? तेलाआधी तुला चार पैसे दुसरीकडे घालायला लावीन. दुसऱ्या आठवड्यापासून आईजवळच थोडं थोडं क्रीप फीड, म्हणजे दूधपित्या पिल्लांचं खाद्य, चाखायला द्यायचं, म्हणजे दूध तुटेल तेव्हा चव ओळखीची असेल. पाणी स्वच्छ आणि हाताशी. पावसाळ्यात ओल नको, रात्री गारठा नको. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यायचं, ते चुकवू नकोस. हे सगळं झाल्यावरही जुलाब होत असतील, तर तेलाला एक संधी द्यायला माझी हरकत नाही.

तेव्हासुद्धा सगळ्या पिल्लांना देऊ नकोस. निम्मी एका खोपट्यात, निम्मी शेजारच्यात, बाकी सगळं सारखं, आणि दोन्हींची वजनं दर आठवड्याला वहीत. खर्च वसूल झाला की नाही ते वहीच सांगेल, दुकानदार नाही. मध्येच कुणी पातळ, पिवळसर हगायला लागलं आणि डोळे खोल गेले, तर तेल-बिल बाजूला ठेव, क्षार-साखरेचं पाणी सुरू कर आणि डॉक्टरांना बोलव. संध्याकाळपर्यंत थांबू नकोस, लहान पिल्लू एका दिवसात सुकतं.

बाटली बाकी उद्याच परत करून बघ. सील शाबूत असलं तर पैसे मिळतीलही.